नाइटिंगेलबाई व आजाऱ्याची खोली

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. लांबलचक दालन, दोहों बाजूंस जखमी शिपायांच्या खाटा, आणि हातांत दिवा घेऊन मधून जाणारी एक स्त्री, हें चित्र आपण सर्वांनीं कोठें ना कोठें पाहिलें आहे. चित्रकारांनीं त्या दिव्याच्या जागीं बहुधा एक प्राचीन तेलाचा दिवा दिला आहे; खरा दिवा तुर्की बनावटीचा, घडी घालतां येणारा कंदील होता. ही चूक लहान आहे. मोठी चूक ती अशी कीं, ह्या चित्रामुळें बाईंचें सारें आयुष्य त्या एका दालनांतच गेलें असें वाचकास वाटतें. वास्तविक त्या नव्वद वर्षें जगल्या, आणि क्रिमियाच्या युद्धांत त्यांचा गेलेला काळ दोन वर्षांहून थोडा कमीच होता. पुढील चौपन्न वर्षांपैकीं पुष्कळशीं वर्षें त्यांनीं स्वतः आजारी म्हणून एका खोलींत काढलीं. त्यांची खरी शिकवण ह्या दुसऱ्या खोलींतून आली असें आमचें मत आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अंथरुणास खिळलेली आजी किंवा आजोबा असतील. त्यांच्या उपयोगीं पडेल ती हीच खोली. म्हणून दिव्याची गोष्ट थोडक्यांत सांगून आम्ही तिकडे वळणार आहों.

इ. स. १८२० च्या मे महिन्याच्या १२ तारखेस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा जन्म झाला व त्या शहराचेंच नांव त्यांस मिळालें. थोरली बहीण पार्थिनोपी नेपल्स येथें जन्मली होती. तिलाही त्या शहराचें जुनें ग्रीक नांव दिलेलें होतें. कुटुंब श्रीमंत होतें. डर्बीशायरमध्यें ली हर्स्ट व हॅम्पशायरमध्यें एम्बली अशीं त्यांचीं दोन घरें होतीं. वडिलांनीं मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान स्वतः शिकविलें. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी लागली. १८३७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या सतराव्या वर्षीं, आपणांस ईश्वराचें पाचारण झालें अशी तिची खात्री पटली. परंतु पाचारण कोणत्या कामाचें, हें उमगावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

ली हर्स्टच्या आसपास गरिबांच्या झोपड्या होत्या. तेथें कोणी आजारी असलें कीं ती जाऊन बसे. १८४५ मध्यें, पंचविशींत, सॉल्झबरीच्या इस्पितळांत कांहीं महिने राहून शुश्रूषेचें काम शिकावें असा बेत तिनें घरांत बोलून दाखविला, तेव्हां आईबापांस धक्काच बसला. त्यांस दोष किती द्यावा हा प्रश्नच आहे. त्या काळीं इंग्लंडांतील इस्पितळांत हें काम करणाऱ्या बाया बहुधा अशिक्षित असत, पुष्कळजणी दारू पीत, आणि त्यांस कोणी कांहीं शिकवीतही नसे. आजाऱ्याची सेवा शिकावी लागते ही कल्पनाच लोकांस नव्हती. बाईमाणूस आहे, दोन हात आहेत, मनांत थोडी दया आहे, एवढें पुरे, अशी समजूत होती. ती समजूत आजही आपल्या घरांतून नाहींशी झाली आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैसर्सवर्थ गांवीं पाळक थिओडोर फ्लीडनर ह्यांनीं १८३६ मध्यें डीकनेस भगिनींची संस्था स्थापिली होती. साध्या घरच्या मुली तेथें येऊन आजाऱ्यांची व अनाथांची सेवा शिकत. १८५० मध्यें बाईंनीं ती संस्था पाहिली आणि दुसऱ्या वर्षीं तेथें तीन महिने राहून काम केलें. तेथील भक्तिभाव फार उंच, पण स्वच्छता व प्रत्यक्ष शुश्रूषा मात्र अगदीं कमी दर्जाची, असा अभिप्राय त्यांनीं पुढें दिला. आम्हां मिशनच्या मंडळींस तो अभिप्राय थोडा बोचतो. पण तो झांकून ठेवण्यासारखा नाहीं.

१८५३ च्या ऑगस्टांत लंडनमधील हार्ले स्ट्रीट भागांत, आजारी पण निर्धन अशा कुलीन स्त्रियांसाठीं असलेल्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हातीं आली. तेथें त्यांनीं पहिल्यानें काय मागितलें? प्रत्येक मजल्यावर नळानें येणारें गरम पाणी. जेवण वर नेण्यासाठीं एक पाळणा. आणि अशी घंटा कीं, कोणत्या आजाऱ्यानें ती वाजविली हें परिचारिकेस लांबूनच दिसावें. हेतु हा कीं, जी जिन्यावरून खालींवर धांवत राहते ती आजाऱ्यापाशीं राहूं शकत नाहीं. शिवाय रुग्ण कोणत्या धर्माचा वा पंथाचा हें न पाहतां त्यास घ्यावें, आणि त्यास आपल्या धर्मगुरूची भेट घेऊं द्यावी, हें त्यांनीं चालकमंडळाकडून हट्टानें मान्य करून घेतलें.

पुढच्याच वर्षीं क्रिमियांतील युद्धाच्या भयंकर बातम्या वर्तमानपत्रांतून येऊं लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या सांगण्यावरून अडतीस परिचारिका बरोबर घेऊन त्या १८५४ च्या ऑक्टोबरच्या २१ तारखेस निघाल्या व ४ नोव्हेंबरास कॉन्स्टॅंटिनोपलच्या समोर स्कुटारी येथील बराकींच्या इस्पितळांत पोंचल्या. तेथील डॉक्टरांस त्यांचें येणें रुचलें नाहीं. बाईंनीं भांडण केलें नाहीं; जमीन घांसण्याचे ब्रश मागविले, एक घर भाड्यानें घेऊन त्यांत पाणी तापविण्याची सोय केली आणि शिपायांच्या बायकांस कपडे धुण्याच्या कामास लाविलें. ज्यांस मांसाचा तुकडा चावत नसे त्यांच्यासाठीं पातळ अन्नाची निराळी चूल मांडली. मेलेल्या शिपायांच्या घरीं त्या स्वतः पत्रें लिहीत. रात्रीं तो कंदील घेऊन फिरत, हेंही खरें आहे.

परंतु ह्या गोष्टीचा दुसरा भाग आमच्या धड्यांतून गाळला जातो. त्या पहिल्या हिवाळ्यांत स्कुटारींत चार हजारांच्या आसपास शिपाई मरण पावले, आणि तेही बहुतेक जखमांनीं नव्हे, तर हगवण, ज्वर व पटकी ह्यांनीं. इमारतीच्या खालीं गटारें तुंबलेलीं होतीं, खोल्यांतून हवा खेळत नव्हती, पाण्यांत घाण होती. १८५५ च्या मार्चांत डॉ. जॉन सदरलंड प्रभृतींचें आरोग्यमंडळ आलें, त्यांनीं गटारें धुऊन काढिलीं, भिंतींस सफेदी दिली, हवेस वाट करून दिली, आणि मृत्यूंचा आंकडा झपाट्यानें उतरला. स्वदेशीं परतल्यावर विल्यम फार ह्या आंकडेशास्त्रज्ञाच्या साह्यानें बाईंनीं सर्व हिशेब मांडला, तेव्हां त्यांस दिसून आलें कीं, आपण अहोरात्र खपत होतों त्या इमारतींतच शिपायांचा सर्वांत अधिक संहार झाला होता. त्याचा त्यांच्या मनावर किती आघात झाला ह्याविषयीं चरित्रकारांत मतभेद आहेत. एवढें मात्र खरें कीं, केवळ मायेनें आजारी वांचत नाहीं हा धडा त्यांनीं ह्यापुढें कधीं सोडिला नाहीं. त्यांनीं ते आंकडे रंगीत आकृत्यांनीं सरकारापुढें मांडिले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनें १८५८ मध्यें त्यांस सभासद करून घेतलें. त्या संस्थेंत येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

आतां त्या दुसऱ्या खोलीकडे येऊं. १८५५ च्या मे महिन्यांत बालाक्लाव्हा येथें बाईंस कडक ताप आला होता व त्यांतून त्या कशाबशा वांचल्या. १८५७ च्या ऑगस्टांत त्यांची प्रकृति पुन्हा ढासळली, आणि तेव्हांपासून त्या जवळजवळ घरांतच राहिल्या. हृदयाची धडधड, अन्नाचा तिटकारा, पुढें पाठीच्या कण्याच्या असह्य वेदना, असें चालू होतें. कित्येकदां त्यांस उचलून एका घरांतून दुसऱ्या घरीं न्यावें लागे. जनावरांच्या कच्च्या दुधांतून माणसास जडणारा ब्रुसेलोसिस नांवाचा जो जुनाट ज्वर आहे, तोच हा असावा असा अलीकडील कांहीं वैद्यांचा कयास आहे. भेटीस येणाऱ्या लोकांना टाळण्यास ह्या आजाराचा त्यांस उपयोगही झाला, हें नाकारतां येत नाहीं. अंथरुणावरून त्यांनीं सिडनी हर्बर्टसारख्या स्नेह्यांस कामाला इतकें जुंपलें कीं वाचतांना आम्हांस कधीं कधीं त्या गृहस्थांचीच कींव येते. ते १८६१ मध्यें वारले.

ह्याच अवस्थेंत त्यांनीं शुश्रूषेवरील आपलें लहानसें पुस्तक लिहिलें. तें १८५९ च्या अखेरीस छापलें व १८६० च्या आरंभीं घरोघर पोंचलें. तें धंदेवाईक परिचारिकांसाठीं नव्हतें; ज्या कोणा बाईवर कधीं ना कधीं आजाऱ्याचा भार पडतो, तिच्यासाठीं होतें. पुस्तक वाचतांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. उशाशीं उभ्या असलेल्या माणसाला ज्या गोष्टी सुचणार नाहींत अशा गोष्टींनीं तें भरलेलें आहे. त्या निजलेल्या माणसालाच ठाऊक असतात.

आजाऱ्याशीं बोलावयाचें तर त्याच्या दृष्टीसमोर बसून बोलावें. पाठीमागून, दारांतून किंवा चालतां चालतां बोललें कीं त्यास मान वळवावी लागते, आणि ती मान वळविण्याचेही त्याला श्रम होतात. त्याच्या खाटेवर बसूं नये, खाटेस टेकूं नये, जातां येतां तिला धक्का देऊं नये. दाराबाहेर कुजबुजूं नये, कारण आपल्याविषयींच बोलणें चाललें आहे असें समजून तो कान ताणतो. मोठ्या आवाजापेक्षां ही कुजबुज अधिक छळते. त्या काळच्या स्त्रियांच्या घेरदार झग्यांची सळसळसुद्धां बाईंस आजाऱ्याच्या खोलींत नको होती.

अन्नाविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे तें अन्नाचा तिटकारा भोगलेल्या माणसानें लिहिलेलें आहे. न खाल्लेलें ताट, पुढें केव्हां तरी खाईल ह्या आशेनें, उशाशीं ठेवून जाऊं नये. वेळेवर आणावें आणि खाल्लें न खाल्लें तरी वेळेवर उचलावें. दुबळ्या माणसास एकदम वाटीभर भरवण्यापेक्षां पाव पाव तासानें एकेक चमचा द्यावा. कित्येकांस सकाळीं उशिरांपर्यंत घन पदार्थ उतरत नाहीं. तेव्हां रात्रभर उपाशी राहून सुकलेल्या तोंडांत आधीं कांहीं पातळ घालावें. भरवतांना घाई करूं नये व त्याच वेळीं त्याला बोलावयास लावूं नये. बीफ टी म्हणजे मांसाच्या पाण्यांत फार पुष्टि आहे असा जो समज होता, त्यासही त्यांनीं हटकलें आहे.

अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या पाठीला व कमरेला ज्या जखमा पडतात, त्या बहुधा रोगाच्या नव्हेत तर शुश्रूषेच्या चुकीच्या असतात, असें त्यांनीं पुस्तकाच्या आरंभींच बजाविलें. एका काळीं हें ऐकून कित्येकांस राग आला असेल. परंतु आजचें शास्त्रही पुष्कळ अंशीं तेंच सांगतें. एकाच कुशीवर शरीराचा भार राहिला कीं हाडाच्या उंचवट्यावरील कातडीस रक्त मिळत नाहीं, आणि त्यांत चादर ओली वा चुरगळलेली असली तर कातडी लौकर फुटते. म्हणून सुमारें दर दोन तासांनीं कूस बदलावी, ओढून नव्हे तर उचलून. टांचा, माकडहाड व कमर रोज पाहावीं. कातडी लाल दिसली कीं सावध व्हावें. आज वृद्धाश्रमांत व दीर्घकालीन रुग्णांच्या संस्थांत मदतनीस म्हणून जाणाऱ्या मुलामुलींस हें प्रथम शिकवितात. बाईंच्या पुस्तकांत दमट अंथरुणाविषयीं, हवेशीर पांघरुणाविषयीं, आणि बाहेरचें दिसेल अशा बेतानें खाट खिडकीजवळ ठेवण्याविषयीं सविस्तर लिहिलें आहे. हात वारंवार धुवावे हेंही आहे. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनीं पुष्कळ वर्षें मनापासून मानला नाहीं, हा त्यांच्या बुद्धीचा एक हेका होता. तरी हात धुण्यांत त्यांची चूक झाली नाहीं.

पुस्तकाच्या दोन प्रकरणांवर आमचा विशेष लोभ आहे. एकांत खोट्या धीराचा समाचार घेतला आहे. भेटीस येणारा प्रत्येक जण आजाऱ्यास तो लवकरच बरा होईल म्हणून सांगतो, किंवा अमक्याचें औषध घे म्हणतो. मग आजारी एकटा पडतो, कारण खरें बोलावयास त्याला कोणी उरत नाहीं. त्यापेक्षां बाहेरची एखादी चांगली बातमी सांगावी, लहान मूल दाखवावें. फार दिवस खोलींत कोंडलेल्यास एखादें पांखरूही सोबती होतें. (तरुणपणीं अथेन्सहून आणलेलें घुबडाचें पिल्लूं बाईंनीं खिशांत बाळगलें होतें, म्हातारपणीं त्यांच्या घरांत मांजरांचा सुळसुळाट असे.) दुसरें प्रकरण निरीक्षणाचें. झोप चांगली लागली काय असें विचारल्यास उत्तर निरुपयोगी येतें, कारण एकाची चांगली झोप ती दुसऱ्याची वाईट. किती तास लागली, कोणत्या वेळीं मोडली, असें विचारावें. किती खाल्लें हें ताटावरून नव्हे, पोटांत गेलेल्यावरून मोजावें. आणि आपण नसतांना काय होईल ह्याची व्यवस्था आपण असतांनाच करून ठेवावी, ही गोष्ट तर त्यांनीं फिरून फिरून सांगितली आहे. घरांत चार माणसें असलीं आणि औषध कोणीं द्यावयाचें हें ठरलेलें नसलें, तर तें कोणीच देत नाहीं. हा अनुभव आम्हांसही आहे.

१८६१ मध्यें ह्याच पुस्तकाची कष्टकरी लोकांसाठीं सोपी व स्वस्त आवृत्ति निघाली. तींत तान्ह्या बाळाची काळजी घेण्याविषयीं एक नवें प्रकरण घातलें होतें, कारण गरिबांघरीं बाळ सांभाळण्याचें काम लहान मुलींवरच पडे. तत्पूर्वीं १८६० मध्यें, लोकांनीं बाईंच्या गौरवार्थ जमविलेल्या सुमारें ४४,००० पौंडांच्या निधींतून, लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा सुरू झाली होती. बाई स्वतः तेथें शिकवावयास जाऊं शकत नव्हत्या. पत्रांनीं व घरीं येणाऱ्या मुलींच्या भेटींनीं त्या तिच्यावर नजर ठेवीत.

खरी कसोटी लिव्हरपूल येथें झाली. तेथील दरिद्रीगृहाच्या रुग्णालयांत बाराशेंहून अधिक आजारी होते. त्यांतले बरेच म्हातारे, पंगु, वर्षानुवर्षें पडून असलेले. त्यांची सेवा त्याच गृहांतील धडधाकट भिकारणींकडून करवून घेत. विल्यम रॅथबोन ह्या व्यापाऱ्यानें पैसा दिला, आणि १८६५ मध्यें सेंट टॉमसच्या बारा शिकलेल्या परिचारिका घेऊन ॲग्नेस जोन्स ही आयरिश तरुणी तेथें गेली. कैसर्सवर्थलाही ती शिकली होती. दरिद्रीगृहांतील पन्नासएक बायांसच शिकवून मदतनीस करावें, त्यांस थोडा पगार द्यावा, असा बेत होता. तो साधला नाहीं. हातीं पैसा पडतांच पुष्कळजणी दारूच्या दुकानीं गेल्या, आणि ॲग्नेसला एकामागून एक त्यांस परत पाठवावें लागलें. मदतनिसास काम देण्यापूर्वीं तिला शिकविलें पाहिजे, आणि शिकविण्यापूर्वीं योग्य माणूस निवडलें पाहिजे, हें तेथें भारी किंमत देऊन कळलें. तरी त्या दालनांत रात्रीचा आरडाओरडा थांबला, चादरी वेळेवर बदलूं लागल्या, म्हाताऱ्यांस कोणी तरी नांवानें हांक मारूं लागलें. १८६८ च्या फेब्रुवारींत टायफस तापानें ॲग्नेस वारली. वय पस्तीस वर्षें. बाईंनीं तिच्यावर एक लेख लिहिला. दरम्यान १८६७ मध्यें लंडनच्या दरिद्रीगृहांतील आजाऱ्यांसाठीं स्वतंत्र रुग्णालयें उभारण्याचा कायदा झाला होता, त्यासाठीं बाईंनीं पुष्कळ खटपट केली होती.

हिंदुस्थानांत त्या कधीं आल्या नाहींत. तरी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्याशीं त्यांचा स्नेह होता, येथील पाणी व गटारें ह्यांविषयीं त्यांनीं कित्येक वर्षें लिखाण केलें, आणि मुंबईचे सुधारक बेहरामजी मलबारी ह्यांच्या १८९२ मधील चरित्रास त्यांची प्रस्तावना आहे.

१८७४ मध्यें वडील वारले. आई वृद्ध, जवळजवळ आंधळी, स्मृति गेलेली. ज्या आईनें एके काळीं इस्पितळाची वाट अडविली, तिच्याजवळ राहण्याचें काम आतां मुलीवर आलें. हें काम बाईंनीं आनंदानें केलें असें म्हणवत नाहीं. आपल्या मोठ्या कामांत खंड पडतो म्हणून त्या कुरकुरत होत्या, तसें त्यांच्या पत्रांतून दिसतें. पण त्या राहिल्या, आणि १८८० मध्यें आई गेली तोंपर्यंत त्या दोघींत बराच गोडवा आला होता. पुढें बहीण पार्थिनोपीही संधिवातानें पांगळी झाली. तिच्याकडेही बाई जाऊन राहत. ती १८९० मध्यें वारली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बाईंची दृष्टि गेली, मग स्मृतिही अंधुक झाली. लंडनच्या साऊथ स्ट्रीटवरील घरांत आतां त्यांनाच परिचारिका ठेवाव्या लागल्या. त्या कांहीं सोपी रोगी नव्हत्या. रात्रीं परिचारिकेनें त्यांस नीट पांघरुण घालून निजविलें, कीं थोड्या वेळानें त्या उठत, शेजारच्या खोलींत जात आणि त्या परिचारिकेच्याच अंगावरील पांघरुण सारखें करून येत, असें त्यांच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. १९०७ मध्यें राजानें त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट दिला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तो घेऊन अधिकारी घरीं आले तेव्हां काय चाललें आहे हें त्यांस नीट कळलें नाहीं.

१९१० च्या ऑगस्टच्या १३ तारखेस त्या झोंपेंतच गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबींत पुरण्याची सूचना आली होती. घरच्यांनीं ती नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गांवच्या लहान देवळाच्या आवारांत, आईबापांशेजारीं, सहा सार्जंटांनीं त्यांची पेटी वाहून नेली. दगडावर पूर्ण नांव नाहीं. केवळ नांवाचीं दोन आद्याक्षरें आणि जन्ममृत्यूचीं वर्षें आहेत.